गुडघ्यातलं वंगण

"बसाय येतंय मॅडम, पण उठाय येत न्हाई."

मिरजेतल्या माझ्या क्लिनिकमध्ये आलेल्या एका मावशींनी खुर्चीत टेकता टेकता सांगितलं. वय ५८. एका खानावळीला रोज सकाळी शंभर-सव्वाशे भाकऱ्या करून देतात, जमिनीवर पाटावर बसून. उजवा गुडघा दोन वर्षांपासून दुखत होता, गेले तीन महिने फारच. पिशवीतून एक्स-रेचं पाकीट काढून त्यांनी टेबलावर ठेवलं आणि आतापर्यंत ज्यानं त्यानं जे जे सांगितलं होतं ते एका दमात म्हणून दाखवलं. गॅप कमी झालाय, गुडघा झिजलाय, वंगण संपलंय. मांडी घालायची नाही, जिना चढायचा नाही, खाली बसायचं नाही. हे सगळं त्यांनी तीन महिने काटेकोर पाळलं होतं. भाकऱ्यांचं काम सुनेच्या गळ्यात पडलं होतं. आणि एवढी विश्रांती घेऊनही दुखणं वाढलंच होतं.

"आता तुम्ही मशीन लावा," त्या म्हणाल्या.

फिजिओथेरपी म्हणजे मशीन, फिजिओथेरपी म्हणजे शेक, फिजिओथेरपी म्हणजे करंट. वीस वर्षं मी हे ऐकते आहे. म्हणूनच या उपचारानं दुखणं कसं कमी होतं आणि हालचाल कशी सुधारते, ते एकदा सविस्तर लिहावं असं फार दिवस मनात होतं. सुरुवात मावशींच्या त्या एका शब्दापासून, 'वंगण'पासूनच करते. गुडघ्याबद्दलची आपल्याकडची बहुतेक भीती त्या शब्दात साठली आहे.

मांडीचं हाड आणि नडगीचं हाड जिथे भेटतात, तिथे दोन्ही टोकांवर काही मिलिमीटर जाडीचा एक पांढरा, गुळगुळीत थर असतो. त्याला कूर्चा म्हणतात. घरी मटण होत असेल तर तुम्ही तो पाहिलेला आहे : नळीच्या टोकाचा मोत्यासारखा चकाकणारा भाग. या थरात एकही रक्तवाहिनी नसते. मग तो जगतो कशावर? सांध्यातल्या पाण्यावर. भांडी घासायचा स्पंज पाण्यात दाबून सोडला की आतलं पाणी बाहेर येतं आणि नवं आत शिरतं, तसंच इथे होतं. पाऊल टाकलं की कूर्चा दबते, पाय उचलला की ती ताजं पाणी ओढून घेते. त्या पाण्यातूनच तिचं पोषण होतं. मोटारीचं बेअरिंग जितकं फिरेल तितकं झिजतं. सांधा मात्र जिवंत आहे, चालणं हेच त्याचं जेवण. आपण 'गुडघे जपून वापरा' असं सांगतो तेव्हा मनात मोटार असते, आणि घोटाळा तिथेच होतो.

आता वंगणाचं. सांध्यातलं पाणी काही टाकीत भरून ठेवलेलं नसतं की वापरून संपावं. सांध्याच्या आतलं अस्तर ते सतत तयार करत असतं. निरोगी गुडघ्यात ते चमचाभरसुद्धा नसतं. झिजेच्या संधिवातात त्याचा दाटपणा कमी होतो हे खरं. पण ते आटत नाही. उलट सुजलेल्या गुडघ्यात ते हवं त्याहून जास्त साठतं. मावशींचा गुडघा मी तपासला तेव्हा वाटीच्या वरच्या अंगाला तळहातानं दाबल्यावर खालच्या बाजूला फुगवटा येत होता. वंगण संपलं म्हणून घाबरलेल्या बाईच्या गुडघ्यात पाणी जास्त झालं होतं.

हे जास्तीचं पाणी नुसतं अडचण करत नाही, ते मांडीचा स्नायू बंद पाडतं. मांडीच्या पुढच्या बाजूला चार स्नायूंचा एक मोठा गट आहे. गुडघा सरळ ठेवणं, खुर्चीतून उठवणं, जिना उतरताना शरीराला हळूहळू खाली सोडणं ही सगळी त्याची कामं. निरोगी माणसांच्या गुडघ्यात मुद्दाम मिठाचं पाणी सोडून प्रयोग झालेले आहेत. नुसतं वीस-तीस मिलिलिटर पाणी भरलं तरी या गटाचा आतला भाग ढिला पडू लागतो. स्नायूला इजा झालेली नसते. सांध्यात काहीतरी बिघडलंय अशी खबर मज्जारज्जूकडे जाते आणि तिथून स्नायूला 'थांब' असा निरोप येतो. माणसाला वाटतं की पायात दम राहिला नाही, गुडघा मध्येच दगा देतो. स्नायू न वापरता राहिला की खरोखरच बारीक होतो. मावशींच्या दोन्ही मांड्या मी टेपनं मोजल्या. दुखऱ्या बाजूची मांडी दीड सेंटिमीटर कमी भरली. तीन महिन्यांच्या विश्रांतीचा हिशेब असा टेपवर दिसत होता.

स्नायू हा सांध्याचा धक्के झेलणारा साथीदार आहे. तो दुबळा झाला की प्रत्येक पावलाचा धक्का थेट हाडांवर आणि सांध्याच्या अस्तरावर जातो, दुखणं वाढतं, मग माणूस आणखी कमी हलतो. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या सात-आठ जणांचं दुखणं या भोवऱ्यात अडकलेलं असतं. नेमका कुठे हात घातला की भोवरा उलटा फिरेल, ते शोधणं हे माझं काम.

पण त्याआधी दुखण्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती मनात बसल्याशिवाय कुणी नेटानं व्यायाम करत नाही. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत तशा नसाही नाहीत. म्हणजे ज्या थराची 'झीज' एक्स-रेत पाहून आपण हबकतो, तो थर स्वतः दुखू शकत नाही. दुखतं ते त्याखालचं हाड, सांध्याचं सुजलेलं अस्तर, आजूबाजूचे स्नायुबंध. आणि ते किती दुखणार हे मेंदू ठरवतो : रात्री झोप झाली का, मन धास्तावलेलं आहे का, साखर ताब्यात आहे का, पूर्वी कधी असं दुखून काय झालं होतं, या सगळ्यावर. म्हणून एकाच्या एक्स-रेत गुडघा पार वाकडातिकडा दिसतो आणि तो शेतात राबत असतो, दुसऱ्याच्या एक्स-रेत जेमतेम बदल आणि त्याला रात्रभर झोप नाही.

कंबरेच्या बाबतीत याचे आकडेच आहेत. पाठीचं कुठलंही दुखणं नसलेल्या ३,११० लोकांच्या स्कॅनचे अभ्यास एकत्र करून २०१५ साली एक निबंध प्रसिद्ध झाला. मणक्यांमधल्या चकतीची झीज विशीतल्या ३७ टक्के लोकांमध्ये दिसली आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांमध्ये. ज्यांचं काहीच दुखत नव्हतं, अशा माणसांची ही मोजणी! केस पिकावेत तसे हे आतले बदल होत असतात. तरी एमआरआयचा कागद हातात पडला की धडधाकट माणूसही त्या दिवसापासून वाकायचं सोडतो. पोरगं उचलत नाही, बादली उचलत नाही. पाठ जितकी कमी वाकते तितकी ती आखडते, आणि आखडली की दुखते. कागदावरच्या शब्दांनी माणसं लुळी झालेली मी पाहिली आहेत, याचं मला अतोनात वाईट वाटतं.

मावशींचा एक्स-रे मी पाहिला, पण नंतर. आधी त्यांना विनंती केली : हात छातीवर बांधा आणि या खुर्चीतून उठा-बसा, ३० सेकंद. मी मोजते. साठीच्या आसपासच्या बाईनं या वेळात बारा वेळा तरी उठावं अशी अपेक्षा असते. मावशी पाच वेळा उठल्या. पाचही वेळा सगळा भार डाव्या पायावर, उजवा पाय नुसता टेकवलेला. तिसऱ्या वेळेला श्वास रोखून धरला होता. मग चालायला सांगितलं, एक पायरी चढायला सांगितली, झोपवून गुडघा किती वाकतो ते कोनमापकानं मोजलं. १०५ अंश. तपासणीला चाळीस मिनिटं गेली आणि मशीन अजून लागलं नव्हतं. मावशी थोड्या नाराज दिसल्या.

मशीनबद्दल मी आता मोकळेपणानं लिहिते. लागल्यावर आपण ती जागा चोळतो आणि बरं वाटतं, हे लहान मुलालाही ठाऊक आहे. का बरं वाटतं याची पटण्याजोगी मांडणी १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी केली. वेदनेचा निरोप बारीक नसांमधून येतो, स्पर्शाचा आणि दाबाचा जाड नसांमधून. दोन्ही मज्जारज्जूत एका फाटकापाशी पोचतात. स्पर्शाची गर्दी झाली की वेदनेसाठी ते फाटक अर्धंमुर्धं बंद होतं. पुढच्या संशोधनानं या चित्रात पुष्कळ दुरुस्त्या केल्या, तरी गाभा टिकला. आजीचं तेल चोळणं, विटेचा शेक, गरम पाण्याची पिशवी आणि आमच्या करंटच्या मशीनची मुंग्या आल्यासारखी झिणझिण ही सगळी बरीचशी याच फाटकाची करामत. आराम खरा असतो. पण फाटक काही तासांनी पुन्हा उघडतं, आणि तोपर्यंत मांडीचा स्नायू मिलिमीटरभरही जाड झालेला नसतो. ब्रिटनमध्ये उपचारांचे नियम ठरवणाऱ्या 'नाइस' या संस्थेनं २०२२ साली झिजेच्या संधिवातासाठी करंट, अल्ट्रासाउंड वगैरे यंत्रं देऊ नका, कारण पुरेसा पुरावा नाही, असं स्पष्ट लिहिलं. आणि व्यायाम मात्र सगळ्यांना द्या, असंही. माझ्या क्लिनिकमध्ये मशीन आहे. दुखण्यानं पाय हलवणंच अशक्य असेल तर व्यायामाआधी दहा मिनिटं मी ते लावते. पण पंधरा दिवस रोज नुसतं मशीन लावून, पैसे घेऊन माणसाला घरी पाठवणं मला पटत नाही. आमच्या व्यवसायाची त्यानं फार हानी झाली आहे.

कारण हा व्यवसाय यंत्रांतून जन्मलेलाच नाही. स्टॉकहोममध्ये १८१३ साली पेर हेन्रिक लिंग यांनी व्यायामाची संस्था काढली, तिथे व्यायामाचा औषधासारखा वापर सुरू झाला. १८९४ साली ब्रिटनमध्ये मसाजच्या नावाखाली भलतेच धंदे चालतात अशी ओरड झाली, तेव्हा चार परिचारिकांनी एकत्र येऊन प्रशिक्षित मसाज करणाऱ्या बायकांची संघटना बांधली. तिथली आजची फिजिओथेरपिस्टांची संस्था त्यातूनच वाढली. आपल्याकडची सुरुवात तर मुंबईतच झाली. १९५२च्या सुमाराला मुंबईत पोलिओची साथ होती. सरकार, महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या प्रयत्नांतून १९५३ साली केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं, देशातलं पहिलं. दोन वर्षांनी हाजीअलीला पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली.

पोलिओनं लुळ्या पडलेल्या पोराच्या पायात कुठलंच यंत्र जीव आणू शकत नव्हतं. एकेक स्नायू हाताखाली धरून तपासायचा, किती शिल्लक आहे ते ठरवायचं आणि जेवढं शिल्लक आहे तेवढ्याला काम द्यायचं, हाच उपचार. स्नायूला शून्य ते पाच गुण द्यायची जी पद्धत मी आज मावशींच्या मांडीला लावते, ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बॉस्टनमध्ये पोलिओच्या रुग्णांसाठीच घडवली गेली. शून्य म्हणजे हाताला काहीच जाणवत नाही. एक म्हणजे स्नायू नुसता थरथरतो, हालचाल नाही. तीन म्हणजे पाय स्वतःच्या वजनाविरुद्ध उचलता येतो. पाच म्हणजे मी जोर लावून दाबलं तरी हटत नाही. विद्यार्थी असताना हे गुण द्यायला मी शिकले तेव्हा ते रटाळ वाटलं होतं. आज वाटतं, माणसात काय उरलंय याकडे आधी पाहायचं, ही नजर मला त्या गुणांनीच दिली.

मावशींचा उजवा पाय चारच्या आसपास होता. म्हणजे उरलेलं पुष्कळ होतं.

पहिल्या आठवड्याचं काम बघून त्यांना हसूच आलं. पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती गुडघ्यानं खाली दाबायची, पाच मोजायचं, सोडायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. मी त्यांचाच हात त्यांच्या मांडीवर ठेवला. पहिल्या तीन-चार वेळेला मांडी मऊच राहिली, पोटऱ्या आणि जबडा मात्र घट्ट. पाचव्या वेळेला वाटीच्या वरच्या आतल्या बाजूला हाताखाली काहीतरी टणक झालं. "हां, आलं की!" त्या म्हणाल्या. बंद पडलेल्या स्नायूला मेंदूकडून पुन्हा निरोप जायला लागतो तो हा क्षण. दुसरं काम उंच खुर्चीतून उठण्याचं. खुर्चीवर दोन उशा ठेवल्या, म्हणजे कमी वाकावं लागतं. दोन्ही पायांवर सारखा भार, हळू उठायचं, त्याहून हळू बसायचं. सहा वेळा.

उशा का दोन आणि उठणं का सहा, यातच आमची सगळी विद्या आहे. औषधाला जशी मात्रा असते तशी व्यायामालाही असते. कमी पडला तर स्नायूला बळकट व्हायचं कारणच मिळत नाही. जास्त झाला तर गुडघा सुजतो, 'थांब' हा निरोप पुन्हा जातो आणि माणूस म्हणतो, व्यायामानं तर आणखी दुखलं. मावशींना मी एक मोजपट्टी दिली. व्यायाम करताना दुखणं दहापैकी पाचाच्या वर जाऊ द्यायचं नाही. त्याच्या आत राहिलं तर घाबरायचं नाही. आणि खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्रीत दुखणं पहिल्या पातळीवर आलं तर मात्रा बरोबर. सकाळीही जास्त असेल किंवा गुडघा फुगलेला असेल तर मात्रा अर्धी करायची, बंद करायची नाही. शेवटचं वाक्य मी तीनदा म्हणवून घेते. थोडं दुखलं की सगळं सोडून द्यायचं आणि बरं वाटलं की एका दिवसात सगळं उरकायचं, या दोन टोकांमध्येच आपली माणसं हेलकावे खात असतात.

तीन आठवड्यांत त्या आठ वेळा उठू लागल्या. मांडी टेपवर तेवढीच होती. हेही समजून घेण्याजोगं आहे. पहिल्या काही आठवड्यांत जे बळ वाढतं ते स्नायू जाड झाल्यानं वाढत नाही. मेंदू त्याच स्नायूतले जास्त धागे एका वेळी कामाला लावायला शिकतो. धागे जाड व्हायला सहा-आठ आठवडे तरी लागतात. म्हणून "चार दिवस करून पाहिलं, फरक नाही" याला काही अर्थ नसतो, आणि म्हणूनच मी पहिल्या दिवशीच १२ आठवड्यांचं बोलते. पेरणी केल्यावर चौथ्या दिवशी माती उकरून बघत नाहीत, हे मावशींना मी सांगायची गरज नव्हती.

मधल्या काळात दोन-तीन बारीक गोष्टींनीही पुष्कळ फरक पडला. त्या काठी दुखऱ्या बाजूच्याच हातात धरत होत्या, आपल्याकडे जवळजवळ सगळेच धरतात. काठी दुसऱ्या हातात धरायची आणि दुखऱ्या पायाबरोबर टेकायची, तरच त्या पायावरचा भार कमी होतो. जिना चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना दुखरा पाय आधी खाली. गुडघे कटकट वाजतात म्हणून त्यांना धास्ती होती. नुसता आवाज असेल आणि त्याबरोबर दुखत वा सुजत नसेल तर तो निरुपद्रवी असतो, हे ऐकून त्यांचा चेहरा खुलला. वजनाबद्दल मात्र मला स्पष्ट बोलावं लागलं. एका अभ्यासात असं मोजलं गेलं आहे की वजन एक किलो उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो. दिवसाला तीन-चार हजार पावलं धरा आणि गुणाकार करा. मावशींनी सहा महिन्यांत तीन किलो कमी केले. फार नाही, पण गुडघ्याच्या हिशेबात पावलागणिक बारा.

आणि मग मुख्य गोष्ट. त्यांना खाली बसायचं होतं. "आता ओट्यावर उभं राहून करा," असं सांगणं सोपं होतं, कित्येकांनी सांगितलंही होतं. पण त्यांच्या घरात ओटा अरुंद, भाकरी थापायचा हात बसूनच बसलेला, आणि सणावाराला पंगतीत, कीर्तनाला सगळ्या बायका खाली सतरंजीवर असताना आपण एकटीनं खुर्ची मागायची याची त्यांना लाज वाटत होती. आमच्या क्षेत्रातली पुष्कळशी पुस्तकं ज्या देशांत लिहिली गेली, तिथे जमिनीवर बसणं हा रोजच्या जगण्याचा भाग नाही. आपल्याकडे आहे. त्यामुळे खाली बसणं सरसकट बंद करणं हा मला उपचार वाटत नाही. किती वेळ, किती उंचीवर आणि कसं बसायचं ते ठरवता येतं. जमिनीवरून उठणं हीसुद्धा शिकवण्याची आणि सरावाची गोष्ट आहे.

आठव्या आठवड्यात आम्ही खाली गोधडी अंथरली. त्या आजवर उठत होत्या ते दोन्ही हात पुढे कुणाला तरी देऊन, ओढून घेत. नवी पद्धत अशी : आधी एका अंगावर वळायचं, दोन्ही तळहात टेकून रांगतात तसं व्हायचं. समोर लाकडी स्टूल. त्यावर हात. दुखरा गुडघा गोधडीवरच ठेवून चांगला पाय पुढे घ्यायचा, पाऊल पूर्ण टेकवायचं. नाक त्या पावलाच्या पुढे जाईल इतकं अंग पुढे झुकवायचं आणि मग उठायचं. पहिल्यांदा रांगण्याच्या अवस्थेतच त्या थांबल्या. गुडघा टेकायची भीती. मी पण शेजारी तशीच रांगत थांबले. दोन मिनिटं आम्ही दोघी चार पायांवर, आणि त्यांची सून दारात हसू दाबून उभी. मग पाय पुढे आला. उठल्या. परत बसल्या आणि मी न सांगता पुन्हा उठल्या. त्या दिवशी मला घरी जाताना जे वाटलं ते कुठल्याच मोजपट्टीत बसत नाही.

पाटाची उंची आम्ही वाढवली, चार इंचांवरून नऊ. आणि दर वीस भाकऱ्यांनी एकदा उठून घरातल्या घरात एक फेरी.

सगळ्यांचं असंच होतं का? नाही, आणि हे लपवणं पाप आहे. गुडघ्याच्या झिजेवर व्यायामाचा काय परिणाम होतो याच्या १३९ चाचण्यांचा आढावा २०२४ साली प्रसिद्ध झाला. दुखणं आणि हालचाल दोन्हींत सुधारणा होते, पण सरासरी पाहिली तर ती लहान असते, असं त्यात दिसतं. सरासरीत खूप फायदा झालेले आणि अजिबात न झालेले एकत्र मोजले जातात, आणि व्यायाम थांबला की फायदाही ओसरतो. डेन्मार्कमधली एक चाचणी मला फार बोलकी वाटते, ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेला पात्र असलेले १०० रुग्ण. निम्म्यांना शस्त्रक्रिया आणि त्यानंतर व्यायाम, वजन, औषधं असा १२ आठवड्यांचा कार्यक्रम. निम्म्यांना नुसता तो कार्यक्रम. वर्षभरानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांना जवळजवळ दुप्पट फायदा झाला होता. त्यांच्यात गंभीर गुंतागुंतीही जास्त झाल्या, २४ विरुद्ध ६. पण नुसत्या कार्यक्रमावर ठेवलेल्या गटातही सुधारणा झाली आणि त्यातल्या चारांपैकी साधारण तिघांनी त्या वर्षात शस्त्रक्रिया करून घेतली नाही. माझं मत यातूनच बनलं आहे : ज्याचा गुडघा रात्रीही झोपू देत नाही, वाकडा होत चालला आहे, तीन-चार महिने नेटानं व्यायाम करूनही घराबाहेर पडता येत नाही, त्यानं सर्जनकडे जावं, घाबरू नये. बाकीच्यांनी आधी मांडी बळकट करून पाहावी. पुढे शस्त्रक्रिया करावी लागलीच तर हीच मांडी त्यांना उठवून चालवणार आहे.

आणि काही वेळा माझ्याकडे न येता आधी डॉक्टरांकडेच जायचं असतं. गुडघा अचानक लाल, गरम होऊन ताप आला, पडल्यावर पायावर भारच टाकता येईना, एकच पोटरी सुजून दुखू लागली, किंवा कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी.

मावशी १२ आठवड्यांनी तीस सेकंदांत बारा वेळा उठत होत्या. दुखणं गेलं नव्हतं. सातावरून तिनावर आलं होतं. भाकऱ्या पुन्हा त्यांच्याकडे आल्या आणि सून तिच्या शिवणकामाकडे गेली.

दिवाळीनंतर त्या परत आल्या. गुडघा फुगला होता. फराळाच्या ऑर्डरी घेतल्या होत्या, चार दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत करंज्या लाटत बसल्या, उठल्याच नाहीत. मला वाटलं, आता मशीन मागतील. त्यांनी पिशवीतून 'कालनिर्णय'ची दोन पानं काढली. दुधाच्या हिशेबाशेजारी प्रत्येक चौकोनात पेन्सिलीनं एक आकडा होता, उठण्या-बसण्याचा. महिनाभर दहा, दहा, बारा, दहा. दिवाळीचे चार चौकोन कोरे. आणि पाचव्या दिवसापासून, मला न विचारता, पाच.

"सुजलंय म्हणून निम्मं केलंय," त्या म्हणाल्या. "उशा बी दोन घातल्यात परत. बगा जरा, बरोबर हाय का?"